हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनची असोसिएट डिग्री: २४ हजार डॉलर भरायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहता. मुंबई विद्यापीठाचं तीन वर्षांचं बी.कॉम. झालंय, ठाण्यात सहकारी बँकेत पाच वर्षं काम केलं, नंतर मुलगी लहान म्हणून घरी होतात. आता ग्रीन कार्ड हातात आहे आणि मुलगी शाळेत जायला लागली आहे. एका खाजगी ऑनलाइन कॉलेजने हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशनच्या असोसिएट डिग्रीसाठी (दोन वर्षांची, बॅचलर्सच्या खालची पदवी) एकूण २४,००० डॉलर सांगितलेत. ॲडमिशनवाल्याने फोनवर ‘या क्षेत्रात पगार १ लाख १७ हजार’ असं ऐकवलं. दोन वर्षं पूर्णवेळ शिकायचं, त्या काळात नोकरी नाही, मग अर्ज करायचे. पैसे वसूल होतील का?

या किमतीत आणि या क्रमाने होणार नाहीत. तीच डिग्री काउंटी कॉलेजातून (स्थानिक सरकारी कॉलेजातून), आधी नोकरी धरून आणि योग्य प्रकारची घेतली तर होऊ शकतील. म्हणजे डिग्री चांगली की वाईट यापेक्षा कुठली, कधी आणि कोणाच्या पैशाने, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

आधी त्या १ लाख १७ हजारांचं बघू. आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने मे २०२४ साठी ‘मेडिकल अँड हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजर’ या वर्गाचा मधला पगार १,१७,९६० डॉलर दिलाय. अर्ध्या लोकांना त्याहून जास्त, अर्ध्यांना कमी. पण हा वर्ग मॅनेजरांचा आहे: विभाग चालवणारे, बजेट सांभाळणारे, नर्सिंग होमचे प्रमुख. तोच विभाग या कामासाठी सुरुवातीची पात्रता बॅचलर्स सांगतो, आणि मोठ्या रुग्णालयांत या खुर्चीवर बहुतेक मास्टर्सवाले किंवा दहा-पंधरा वर्षं आतून वर आलेले लोक दिसतात. असोसिएट डिग्री घेऊन कोणी थेट तिथे बसत नाही. ॲडमिशनवाले सगळ्या क्षेत्राचा आकडा सांगतात, आपण तो त्यांच्या डिग्रीचा समजतो.

त्या डिग्रीनंतर प्रत्यक्षात मिळतात त्या जागांची नावं अशी: पेशंट ॲक्सेस रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे रुग्णालयाचं रजिस्ट्रेशन. इन्शुरन्स व्हेरिफिकेशन. प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीची परवानगी काढणं. शेड्युलिंग. युनिट सेक्रेटरी. बिलिंग, पेमेंट पोस्टिंग (आलेले पैसे खात्यात नोंदवणं), ए.आर. फॉलोअप (थकलेल्या पैशांचा पाठपुरावा). मेडिकल रेकॉर्ड्स. तुमच्या भागात या जागा साधारण ताशी १८ ते २४ डॉलरवर सुरू होतात. राज्याचं किमान वेतन २०२५ मध्ये १५.४९ डॉलर होतं, त्यावरून अंदाज येईल. मेडिकल रेकॉर्ड्स स्पेशालिस्टचा देशातला मधला पगार मे २०२४ मध्ये ५० हजारांच्या आसपास आहे, आणि त्यात अनुभवी कोडरही (आजार-उपचारांना बिलाचे कोड लावणारे) मोजलेत.

आता खरी गोम. या जागांच्या जाहिरातीत ‘रिक्वायर्ड’ या मथळ्याखाली बहुतेक ठिकाणी हायस्कूल डिप्लोमा असतो. असोसिएट डिग्री ‘प्रिफर्ड’खाली असते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. आरडब्ल्यूजे बार्नाबस, हॅकनसॅक मेरिडियन, पेन मेडिसिन प्रिन्सटन यांच्या करिअर पानांवर जाऊन घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरातल्या तीसेक जाहिराती उघडा. कागदावर तीन रकाने करा: डिग्री लागतेच, असली तर बरं, उल्लेखच नाही. चौथ्या रकान्यात अनुभव किती मागितलाय ते लिहा. एका संध्याकाळचं काम आहे, पण तुमच्या भागात ही डिग्री कुठलं दार उघडते ते त्या कागदावर स्वच्छ दिसेल. चौथा रकाना बघून लोक जास्त दचकतात, कारण ‘एक ते दोन वर्षं हेल्थकेअरचा अनुभव’ ही अट डिग्रीच्या अटीपेक्षा जास्त वेळा भेटते.

डिग्रीमुळे पगार किती वाढतो, हे मालकावर अवलंबून आहे. काही रुग्णालयांत त्याच कामाला काहीच फरक पडत नाही. काही ठिकाणी सुरुवातीला ताशी एक-दोन डॉलर जास्त मिळतात. लीड किंवा सुपरवायझरची जागा निघते तेव्हा मात्र डिग्री नसलेला अर्ज कधी कधी पहिल्याच चाळणीत गळतो. तिथे तिचा खरा उपयोग. आपण उदारपणे ताशी दोन ते तीन डॉलरचा फरक धरू. पूर्णवेळ नोकरीचे वर्षाचे तास २,०८०, म्हणजे वर्षाला ४,१६० ते ६,२४०. तुम्ही नवऱ्याच्या पगारासोबत एकत्र कर भरत असाल, तर त्या वाढीव डॉलरमधले तीसेक सेंट फेडरल कर, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर आणि राज्याच्या करात जातात. हातात उरतात साधारण २,९०० ते ४,४००.

२४ हजारांना त्याने भागा. साडेपाच ते आठ वर्षं, तेही व्याज न धरता. आणि हा छोटा खर्च झाला. मोठा खर्च त्या कॉलेजच्या कागदावर नाहीच: दोन वर्षं न मिळालेला पगार. ताशी १९ ने धरला तरी वर्षाचे ३९,५२०, दोन वर्षांचे ७९ हजार. वर दोन वर्षांचा अनुभव बुडाला, जो जाहिरातीतल्या त्या चौथ्या रकान्यात मागितला होता. पदवी घेऊन बाहेर पडाल तेव्हा अनुभव शून्य, आणि स्पर्धेत असेल दोन वर्षं फ्रंट डेस्क सांभाळलेली विशीतली मुलगी. रिझ्युमे चाळताना मी आधी बघते की या व्यक्तीने विमा कंपनीशी फोनवर कधी भांडण केलंय का. डिग्री त्यानंतर.

ही गोष्ट वरवर उद्धट वाटेल, म्हणून काम कसं असतं ते एका उदाहरणावर सांगते. कंबरेच्या एमआरआयसाठी डॉक्टरांनी साध्या, कॉन्ट्रास्टशिवायच्या (शिरेतून औषध न देता करायच्या) तपासणीची ऑर्डर दिली. कोड ७२१४८. ऑथरायझेशन त्याच कोडवर मिळालं. तपासणीच्या दिवशी रेडिऑलॉजिस्टने जुनी शस्त्रक्रिया बघून कॉन्ट्रास्टशिवाय आणि मग कॉन्ट्रास्टसह अशी दोन्ही करायला सांगितलं, कोड झाला ७२१५८. क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल, गेला नव्या कोडवर, फॉर्म सीएमएस-१५०० च्या २३ व्या रकान्यात ऑथरायझेशन नंबर मात्र जुन्या कोडचा. महिन्याभरात नकार येतो: सीओ-१९७, पूर्वपरवानगी नाही. यातली ‘सीओ’ ही दोन अक्षरं महत्त्वाची. त्यांचा अर्थ नुकसान दवाखान्याचं, रुग्णाला बिल लावता येत नाही. तिथे ‘पीआर’ असतं तर रक्कम रुग्णाच्या वाट्याची. नवखा माणूस क्लेम जसाच्या तसा पुन्हा पाठवतो आणि दुसरा नकार ओढवून घेतो, यावेळी डुप्लिकेट म्हणून. जाणता माणूस आधी विमा कंपनीचा नियम बघतो: तपासणीनंतर किती दिवसांत कोड बदलून मिळतो? मुदत असेल तर फोन करून बदलून घेतो, कॉल रेफरन्स नंबर टिपतो, दुरुस्त क्लेम पाठवतो. मुदत गेली असेल तर रेडिऑलॉजिस्टची नोंद जोडून अपील करतो. आणि शेड्युलिंगवाल्यांना सांगतो की कोड बदलला की त्याच दिवशी ऑथ टीमला कळवा.

असोसिएट डिग्रीच्या अभ्यासक्रमात हे ‘हेल्थ इन्शुरन्स अँड रीइम्बर्समेंट’ नावाच्या एका विषयात दोन-तीन आठवड्यांत येऊन जातं. बाकीचे विषय म्हणजे मेडिकल टर्मिनॉलॉजी, ॲनाटॉमी, कायदा आणि नीतिनियम, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड, थोडं अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंटची ओळख, इंग्रजी कॉम्पोझिशन. वाईट काहीच नाही. टर्मिनॉलॉजी तर लागतेच. पण अकाउंटिंग तुम्हाला शिकवायची गरज नाही. पाच वर्षं बँकेत दिवसअखेर ताळा जमवलेल्या माणसाला पेमेंट पोस्टिंग आणि क्रेडिट बॅलन्सचं काम पंधरवड्यात समजतं. विमा कंपनीकडून येणारी इलेक्ट्रॉनिक रेमिटन्स फाइल, जिला सगळे ‘आठशे पस्तीस’ म्हणतात, ती बँकेतल्या जमेशी जुळवायची, एवढाच गाभा आहे. रिझ्युमेत ‘बँक कारकून’ असं लिहू नका. रोज किती व्यवहारांचा ताळा जुळवत होतात, फरक आला तर काय करत होतात, हे लिहा.

आता तुमच्या बी.कॉम.कडे वळू, कारण सगळा हिशोब तिथे फिरतो आणि तुमच्या प्रश्नात त्याचा एका शब्दाने उल्लेख आहे. कुठेही पैसे भरायच्या आधी ते अमेरिकेतल्या कुठल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे याचं मूल्यमापन करून घ्या, कोर्स-बाय-कोर्स प्रकारचं, म्हणजे एकेका विषयाचं. असं मूल्यमापन करणाऱ्यांच्या नाचेस या संघटनेची सदस्य असलेली संस्था निवडा, म्हणजे डब्ल्यूईएस, ईसीई वगैरे. पण त्याआधी ज्या कॉलेजात जायचंय त्यांना विचारा की कोणाचा अहवाल चालेल. खर्च दोनशे डॉलरच्या वर जातो. मार्कशीटच्या झेरॉक्स चालत नाहीत. विद्यापीठाने थेट पाठवलेलं ट्रान्सक्रिप्ट लागतं, आणि मुंबईहून ते निघायला वेळ लागतो. ठाण्यात कोणी नातेवाईक असतील तर आत्ताच कामाला लावा.

तीन वर्षांच्या पदवीवर या संस्थांचं एकमत नाही. डब्ल्यूईएस पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात मिळालेली आणि नॅकची ‘ए’ किंवा वरची श्रेणी असलेल्या विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची मानतो. काही संस्था तिला ‘तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण’ म्हणून थांबतात. आणि दोन्ही निकालांचे फायदे-तोटे उलटसुलट आहेत.

बॅचलर्स मानली गेली, तर असोसिएट डिग्री घेणं म्हणजे एक पायरी उतरणं. तुम्ही थेट मास्टर ऑफ हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनला अर्ज करू शकता. ज्या जागांचा तो मोठा आकडा आहे त्यांच्याकडे तो रस्ता जातो. मास्टर्स निवडताना केमची, म्हणजे या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता बघा. मात्र बॅचलर्स असलेल्याला फेडरल पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही, परदेशी पदवी असली तरी. पेलची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे. न्यू जर्सीची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँटही पहिल्यांदा डिग्री घेणाऱ्यांसाठीच आहे. ६५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तिच्यात ट्यूशन (कॉलेजची शिकवण्याची फी) माफ होते. उलट ‘तीन वर्षांचं शिक्षण’ असा निकाल आला, तर तो अहवाल कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला दाखवून पेलसाठी विचारणा करता येते. निर्णय त्यांचा. नवऱ्याचं उत्पन्न तुम्ही लिहिलेलं नाही. ते आयटीतल्या पगाराचं असेल तर ही दोन्ही दारं तशीही बंदच समजा आणि त्यात जीव अडकवू नका. फाफ्सा या फेडरल मदतीच्या फॉर्मवर मात्र पदवी लपवू नका. ओळखीतलं कोणी ‘भारतातलं कोण बघतंय’ असा सल्ला देईल. ग्रीन कार्डवाल्याने फेडरल फॉर्मवर खोटं लिहिणं फार महागात पडतं.

क्रेडिटचा (विषयाच्या तासांवरून ठरणाऱ्या गुणांकाचा) फायदा दोन्ही निकालांत आहे. असोसिएट डिग्री सुमारे ६० क्रेडिटची. इकॉनॉमिक्स, अकाउंटिंग, बिझनेस लॉ, स्टॅटिस्टिक्स यांची क्रेडिट काउंटी कॉलेज बरेचदा घेतं. इंग्रजी कॉम्पोझिशनला सहसा नकार मिळतो, ते इथेच करावं लागतं. किमान १५ क्रेडिट त्याच कॉलेजात करा, अशी अट बहुतेक ठिकाणी असते, काही ठिकाणी जास्त. तुमची २४ घेतली गेली असं धरू. राहिली ३६. काउंटीच्या रहिवाशाला शुल्कांसकट क्रेडिटमागे २०० डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे ७,२०० डॉलर. त्या खाजगी कॉलेजाला विचारा, ‘माझी किती क्रेडिट घ्याल?’ फोनवर ‘आम्ही खूप लवचीक आहोत’ म्हणतील. लेखी मागा.

काउंटी कॉलेजातही एक खाच आहे, आणि तीत लोक हमखास अडकतात. एकाच विषयाची डिग्री दोन प्रकारची असते: एएस (असोसिएट इन सायन्स) आणि एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स). दुसरीत एक ‘अप्लाइड’ वाढलेला असतो. नोकरीसाठी जास्त उपयोगाची वाटते, कारण तिच्यात बिलिंग-कोडिंगचे विषय जास्त आणि सर्वसाधारण शिक्षणाचे कमी. पण पुढे बॅचलर्सला जायचं ठरवलं की त्यातली बरीच क्रेडिट गळतात. न्यू जर्सीत २००७ चा लॅम्पिट कायदा आहे. त्यानुसार एए (असोसिएट इन आर्ट्स) आणि एएस पदव्या राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या विद्यापीठांत पूर्ण धरल्या जातात. एएएसला हे संरक्षण नाही. रटगर्सच्या ब्लोस्टीन स्कूलमध्ये हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनचं बॅचलर्स आहे. तिथवर जायची पुसटशी इच्छा असेल तरी एएस घ्या. एएएस घेण्याचं एकच चांगलं कारण मला दिसतं, ते असं.

हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनच्या शेजारी हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी नावाचा अभ्यासक्रम असतो. ऐकायला सारखाच, किंमतही तीच. फरक असा की तो काहीम या मान्यता देणाऱ्या संस्थेने मान्य केलेला असेल, तर तो संपवून आरएचआयटी ही अहिमा या व्यावसायिक संघटनेची परीक्षा देता येते, आणि त्या परीक्षेला असोसिएट डिग्री लागतेच. म्हणजे इथे डिग्री ही अट आहे, शोभा नाही. हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजिस्ट आणि रजिस्ट्रार या वर्गाचा मधला पगार मे २०२४ मध्ये ६७ हजारांच्या घरात होता, आणि तिथे श्रम विभाग नेहमीची पात्रता असोसिएटच सांगतो. नवख्याला पहिल्या दिवशी ६७ मिळणार नाहीत हे उघड आहे, पण तो आकडा निदान या डिग्रीचा आहे. साध्या हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनच्या असोसिएटला जोडलेली अशी कुठलीच परीक्षा किंवा परवाना नाही. आकडेमोड आणि नीटनेटकेपणा आवडत असेल, रुग्णांशी दिवसभर बोलणं नको असेल, तर तुम्ही हा पर्याय गंभीरपणे बघावा. मान्यता काहीमच्या यादीत स्वतः तपासा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर नको.

मग डिग्रीऐवजी नुसतं सीपीसी का नको, असं कोणीतरी म्हणेलच. एएपीसी या कोडरांच्या संघटनेची ही कोडिंगची परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची. ७० टक्के लागतात, कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. स्वस्त आहे, सहा-आठ महिन्यांत तयारी होते. अडचण पुढे येते. पास झाल्यावर नावापुढे सीपीसी-ए लागतं, ‘ए’ म्हणजे ॲप्रेंटिस, आणि ते काढायला दोन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा ८० तासांचा मान्य अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. त्या ‘ए’वाल्यांना घरून काम देणारे मालक फार थोडे. कारण आपल्या लोकांना सांगायला नको: ते काम ऐरोलीत, पुण्यात, चेन्नईत होतं. तिथे तीच परीक्षा दिलेली मुलं रात्रपाळीत कोडिंग आणि ए.आर. कॉलिंग करतात. भर म्हणून साध्या व्हिजिट आणि एक्स-रेचं कोडिंग आता सॉफ्टवेअर करायला लागलंय. अमेरिकेत टिकतंय ते समोरासमोरचं काम, गुंतागुंतीची ऑथरायझेशन्स, आर्थिक समुपदेशन, ऑडिट. म्हणून ‘घरबसल्या कोडिंग’ या स्वप्नावर पहिला डॉलर लावू नका. आधीच बिलिंगमध्ये असाल तेव्हा सीपीसी छान.

तर माझ्या हिशोबाने क्रम असा. आता ट्रान्सक्रिप्ट मागवा आणि मूल्यमापनाला पाठवा. ते येईपर्यंत काउंटी कॉलेजात मेडिकल टर्मिनॉलॉजी हा एकच विषय घ्या. क्रेडिटवाला घ्या, त्यांच्याच ‘नॉन-क्रेडिट’ सर्टिफिकेटमधला नको, कारण तो पुढे डिग्रीत मोजला जात नाही. सोबत पेशंट ॲक्सेस, व्हेरिफिकेशन आणि पेमेंट पोस्टिंगच्या जागांना अर्ज सुरू करा. पूर्णवेळ मिळेना तर ‘पर डिएम’, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावतात ते काम, घ्या. फायदे मिळत नाहीत पण आत शिरता येतं, आणि आतल्या जागा आधी आतल्यांना दिसतात. एपिक हे रुग्णालयांचं सॉफ्टवेअर शिकवतो म्हणून बाहेर कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्याचं प्रमाणपत्र मालकाने पाठवल्याशिवाय मिळत नाही, आणि फ्रंट डेस्कला लागतं तेवढं पहिल्या आठवड्यात फुकट शिकवतात.

एडिसनच्या आसपास मराठी-हिंदी-गुजराती येणं फ्रंट डेस्कवर फार कामाचं आहे, रिझ्युमेत ठळक लिहा. फक्त एक लक्षात ठेवा: डॉक्टर आणि रुग्णामधलं वैद्यकीय बोलणं भाषांतरित करायला पात्र दुभाषा लागतो. नुसती भाषा येते म्हणून कोणी तुम्हाला त्या खोलीत ओढलं तर नम्रपणे नकार द्या.

नोकरी लागली की ट्यूशन असिस्टन्सचं, म्हणजे शिकण्यासाठी मालक देतो त्या पैशांचं, धोरण वाचा. मालकाने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिलेली शैक्षणिक मदत तुमच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही, म्हणून बऱ्याच रुग्णालयांची मर्यादा तिथे किंवा त्याखाली असते. बारकावे असे: सहा महिने ते वर्षभर नोकरी झाल्यावरच मदत सुरू होते, पर डिएमवाल्यांना सहसा नसते, आधी खिशातून भरा, ‘सी’ किंवा वर ग्रेड आणा, मग परतावा, तोही फक्त ट्यूशनचा, कॉलेजच्या इतर फीचा नाही, आणि नंतर एक-दोन वर्षांत नोकरी सोडली तर पैसे तुम्ही परत करायचे. ती शेवटची अट सही करताना बघा. सेमिस्टरला दोन विषय, म्हणजे वर्षाला १२ क्रेडिट, तीन वर्षांत तुमची ३६ पूर्ण. मालक वर्षाला ३,००० देत असेल तरी ट्यूशन निघते. फी आणि पुस्तकं मिळून तुमच्या खिशातून दीड-दोन हजार जातील. तेवढे पैसे पहिल्या वर्षाच्या पगारवाढीत वसूल, आणि दरम्यान तीन वर्षांचा पगार घरात आलेला असतो. मालकाने न दिलेल्या ट्यूशनवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत बघा, खर्चाच्या २० टक्के, कमाल २,००० डॉलर. एकत्र कर भरणाऱ्यांचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या वर गेलं की ते बंद होतं.

या रस्त्याची खरी किंमत पैशात नाही, संध्याकाळींत आहे. आठ तास काम, मग मुलीचा अभ्यास, मग नऊ वाजता तुमचा. तीन वर्षं. घरी स्वयंपाक आणि शनिवारच्या क्लासची ने-आण कोण करणार हे आधी ठरवून घ्या. पहिल्या सेमिस्टरला दोनऐवजी एकच विषय घेतलात तरी काही बिघडत नाही.

त्या खाजगी कॉलेजाबद्दल अजून काही प्रश्न असतील तर त्यांना हे विचारा: तुमची मान्यता मिडल स्टेट्ससारख्या, कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची आहे का? गेल्या वर्षीच्या पदवीधरांना कुठल्या नावाच्या जागा मिळाल्या? ‘प्लेसमेंट ९० टक्के’ हे उत्तर नाही. त्यात औषधांच्या दुकानातला कॅशियरही बसतो. कॉलेज स्कोरकार्ड या सरकारी साइटवर त्या कॉलेजचं नाव घालून ‘हेल्थ अँड मेडिकल ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिसेस’ शोधा, असोसिएट स्तर निवडा. कमाई आणि कर्ज दोन्ही दिसतात, पण फक्त फेडरल मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची. ‘आज सही केली तर फी माफ’ असं म्हणाले तर सही उद्या करा. कर्ज घेऊन सुरू केलंत आणि सत्राचा ६० टक्के काळ होण्याआधी सोडलंत, तर न वापरलेली फेडरल मदत परत जाते आणि कॉलेजची बाकी तुमच्या नावावर राहते.

काही जण हे एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या एच-१बी वर आधारलेल्या व्हिसावर असताना वाचत असतील. तुम्हाला शिकायला अडचण नाही, पण फाफ्सा नाही, आणि ईएडी या कामाच्या परवान्याशिवाय नोकरी नाही. त्यामुळे ‘आधी नोकरी’ हा क्रम तुम्हाला लागू होत नाही. तुम्ही काउंटी कॉलेजात एएसचे विषय एकेक करत राहावेत, रहिवाशाच्या दराने घेतात का ते विचारून. प्रॅक्टिकम (रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम) मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका, बिनपगारी असलं तरी. भारतात परतायचा बेत असेल तर असोसिएट घेऊच नका; तिथे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या चांगल्या जागांना पदव्युत्तर शिक्षण बघतात.

प्रॅक्टिकमचा विषय निघालाच आहे तर एवढं. बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटच्या सत्रात शंभरेक तास रुग्णालयात काढायचे असतात, आणि ते दिवसा असतात. नोकरी करणारे तिथेच अडकून डिग्री वर्षभर लांबवतात. जागा कॉलेज शोधून देतं की तुम्ही शोधायची, आणि आधीच्या नोकरीच्या ठिकाणी वेगळ्या विभागात करून चालतं का, हे प्रवेश घेतानाच विचारा. तिथे जायच्या आधी पार्श्वभूमीची तपासणी, ड्रग टेस्ट, गोवर-कांजिण्या-हिपॅटायटिस बीच्या प्रतिकारशक्तीचे रक्ताचे अहवाल आणि टीबीची चाचणी लागते. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, आणि बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची टीबी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, तीन आठवडे वाया. सुरुवातीलाच रक्तातली क्वांटिफेरॉन चाचणी मागा.